मुन्शीजींचा संशय

कोणताही कागद हातात आला की मुन्शीजी तो आधी वाचत नसत. उठून खिडकीपाशी जात, कागद उजेडासमोर धरत, एक डोळा बारीक करून आरपार बघत. मग तो उलटा करून मागची कोरी बाजूही तेवढ्याच बारकाईनं बघत आणि आणणाऱ्याला विचारत, "ही तर नक्कल झाली, जनाब. असल कुठंय?"

आणणारा बहुतेक वेळा आमचा चपराशी असे आणि कागद म्हणजे साहेबांच्या बदलीनिमित्त ठेवलेल्या चहापानाची सूचना. असल साहेबांच्या टेबलावर आहे असं सांगितल्यावर मुन्शीजी खरोखर तिथं जाऊन बघून येत आणि मगच चहाला येत. बशीतली बिस्किटं मात्र ते तपासत नसत.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. दुकानदारानं काटा धरला की हे त्याच्या करंगळीकडे बघणार. लग्नाची पत्रिका आली की विचारणार, "यजमानांनी आठवण ठेवून बोलावलंय, का यादीत नाव होतं म्हनून छापखान्यानं?" मुन्शीजींनी एकदा बायकोबरोबर फोटो काढून घेतला आणि फोटोवाल्याकडे ज्या काचेवरून फोटो छापतात ती काचच मागितली. फोटो ही नक्कल, काच ही असल. तो काही देईना, हे काही उठेनात. शेवटी काच घेऊनच आले. घरात भिंतीवर फोटो होता आणि ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत, काच होती.

निजामाच्या अमलात ते कचेरीत नकलनवीस होते. म्हणजे मूळ कागदावरून हुबेहूब दुसरा कागद लिहून काढायचा. उर्दू अक्षर असं की बघत राहावं. घर त्यांच्या आजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालेलं. कचेरीतले टवाळ म्हणत, मुन्शीजींचं आडनाव मराठी, अक्षर उर्दू आणि देव येशू, तिघांची गाठ पडते ती फक्त पगाराच्या दिवशी. मुन्शीजींनाही ते ठाऊक होतं. ते हसत, पण हे पहिल्यांदा कोण म्हणालं याची चौकशी करून ठेवत.

पोलीस ॲक्शननंतर कचेरीची भाषा बदलली. कपाटंच्या कपाटं उर्दू कागद मराठीत आणायचे होते आणि ते काम मुन्शीजींकडे आलं. मी तेव्हा नवा होतो, गंगापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातून नोकरीला आलेला पहिलाच. माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं. ते उर्दू वाचून तोंडी मराठी सांगत आणि मी लिहून घेई.

"बाबू, ओळ कशी गळती सांगू का?" एकदा ते म्हणाले. "लागोपाठ दोन ओळी एकाच शब्दानं सुरू झाल्या की डोळा घसरतो. पयली लिहिली की वाटतं दुसरी पन लिहिली. मग सरळ तिसरी. कुनाला पत्ता लागत नाय. वाक्य कसं गुळगुळीत जुळून जातं."

"आणि मुद्दाम गाळायची असेल तर?"

"तरी असंच म्हनायचं की. डोळा घसरला." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे असं रोखून पाहिलं की मी काहीतरी गाळलंय असं मलाच वाटायला लागलं.

एका दुपारी डबा खाताना त्यांनी अचानक विचारलं, "तुमच्यात मानूस मेला की परत जल्माला येतो म्हंता ना? हे कुनी ठरवलं?"

मी सावध झालो. खोटं कशाला सांगू, मला वाटलं आता पिशवीतून पुस्तिका निघणार आणि हे मला रविवारच्या प्रार्थनेला बोलावणार. म्हणून मी जरा तोडूनच बोललो. "ठरवायचं काय त्यात? असतंच ते."

"तसं नाय. बैठक झाली आसंल ना कुठं? चार मोठी मानसं बसली आसतील, कुनी हात वर केला आसंल, कुनी नसंल केला."

"आमच्याकडे नाही झाली बैठक."

"म्हंजे तुमच्याकडं तर कागदच नाय!" ते हताश होऊन म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडत बसले. पुस्तिका काही निघाली नाही. पण या माणसाला आमच्या जन्ममरणाची एवढी उठाठेव कशासाठी, हा किडा माझ्या डोक्यात वळवळत राहिला.

उस्मानपुऱ्यात आम्ही एकाच गल्लीत राहत होतो. माझी मुलगी झाली तेव्हा मुन्शीजींच्या बाई झबलं घेऊन बघायला आल्या. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, टोपडं काढलं आणि डाव्या कानाची पाळी हलकेच दुमडून मागं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टोपडं पुन्हा नीट बांधलं, पोरीचा पापा घेतला आणि चहा न घेताच निघून गेल्या.

माझी आई गावाहून आलेली. तिचा चेहरा उतरला. "ही बाई कानामागं काय बगती रं? काय करनी-बिरनी तर नाय ना?" तिनं मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि झबलं दाराबाहेर ठेवलं. चौकशी केली तर शेजारीण म्हणाली, गल्लीत कुठंही मूल जन्मलं की बाई जातात आणि कान बघतात. एवढं कळल्यावर आईनं झबल्याला पुन्हा हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मुन्शीजी स्वतः आले. झबलं दाराबाहेरच पडलेलं त्यांना दिसलं. ते त्यांनी उचललं, झटकलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओट्यावर बसून त्यांनी जे सांगितलं ते असं.

पोलीस ॲक्शनच्या आठवड्यात बाई बाळंत झाल्या. रस्ते बंद, गाड्या बंद, गल्लीतली दारंही बंद. त्यांचे पाद्री तेव्हा दुसऱ्या गावाहून येत, ते येणं शक्यच नव्हतं. गारखेड्याची एक धनगराची म्हातारी सुईण शेतातून वाट काढत आली म्हणून निदान बाई वाचल्या. मुलगा झाला. तो दिवसभर होता. त्याचा श्वास अडखळायला लागला तेव्हा बाई म्हणाल्या, पाद्री नाही तर तुम्ही पाणी घाला त्याच्या कपाळावर, नाव ठेवा, बाप्तिस्मा द्या.

"मी म्हनलं, मला अधिकार नाय," मुन्शीजी म्हणाले. "आख्ख्या नोकरीत बिगरमुहरचा कागद मी खरा मानला नाय, बाबू. मग बिगरमुहरचा बाप्तिस्मा कसा देऊ? पाद्रीसाहेब येतील म्हनून वाट बघत बसलो."

संध्याकाळी मूल गेलं. बाप्तिस्मा नाही म्हणून मंडळीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, पंचांनी त्याला दफनभूमीच्या भिंतीच्या आत जागा दिली नाही, भिंतीला लागून बाहेर पुरलं. पुरण्याआधी सुईणीनं तव्याची काजळी बोटावर घेतली आणि त्याच्या डाव्या कानामागं ठिपका लावला. धनगरवाड्यात करतात म्हणे तसं. पोर परत कुणाच्या तरी पोटी येतं आणि तो ठिपका अंगावर घेऊन येतं, म्हणजे आईला ओळखू येतं.

"तुमचा विश्वास आहे यावर?" मी विचारलं.

"माझा कशावरच नाय. तिचा हाय."

पुढं बऱ्याच वर्षांनी नगरकडचे एक तरुण पाद्री इथं राहायला आले. बोलता बोलता मुन्शीजींनी त्यांना ती गोष्ट सांगितली. पाद्रीसाहेब सहज बोलून गेले, "अहो, मूल अत्यवस्थ असलं तर कुणीही ख्रिस्ती माणूस पाणी घालू शकतो. तो नियम फार जुना आहे."

फार जुना नियम, आणि तो मुन्शीजींना कुणी सांगितला नव्हता. त्यांच्या बापालाही नाही. त्याआधी मुन्शीजींचा संशय हा नोकरीचा भाग होता, आम्ही त्यावर हसायचो. त्या दिवसापासून तो त्यांचं दुखणं झाला. "एवढं लपवलं, तर अजून काय काय लपवलं आसंल?" हे ते म्हणत तेव्हा मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नसे.

मग ते शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, मागं लागले. शास्त्रात काय ठेवायचं, काय नाही, हे कुणी ठरवलं? उत्तर मिळालं की कुठल्या मंडळ्यांत काय वाचलं जातं ते बघत बघत, मोठ्या धर्मगुरूंच्या पत्रांतून आणि बैठकांतून, कितीतरी पिढ्यांनी ते ठरत गेलं. मुन्शीजी खूश झाले. बैठक सापडली होती. पुढं त्यांना कुठून तरी कळलं की मिसर, म्हणजे इजिप्त देशातला एक मोठा विद्वान शिकवत असे, जीव देहाच्या आधीपासून असतो. तो मेल्यावर काही शतकांनी बादशहानं आणि धर्मगुरूंनी बैठक घेऊन ती शिकवण धिक्कारली. पुनर्जन्माच्या ओळी तेव्हाच शास्त्रातून गाळल्या, असं मुन्शीजींच्या मनानं घेतलं आणि ते तो विषय घेऊन दर रविवारी पाद्रीसाहेबांच्या ओसरीवर बसायला लागले. एकदोनदा मलाही घेऊन गेले. पाद्रीसाहेब गोड बोलत, आणि गोड बोलणाऱ्या माणसावर माझा सहसा विश्वास बसत नाही, म्हणून मी त्यांच्यावर डोळा ठेवून होतो.

"आता हे बगा," मुन्शीजी म्हणाले. "जल्माच्या आंधळ्याला बघून शिष्य प्रभूला विचारतात, पाप कुनी केलं, ह्यानं का ह्याच्या आईबापानं. बरोबर? आवो, जल्मताच आंधळा हाय तर ह्यानं पाप केलं कवा? मागल्या जल्मातच ना?"

"पण प्रभूनं दोन्हीला नाही म्हटलं, मुन्शीजी."

"उत्तर 'नाय' आसं आलं. पन प्रश्न तर तसाच राह्यला! प्रश्न गाळायचा विसरले ते. आन मग बाकीचं कुठंय?"

पाद्रीसाहेबांनी चष्मा पुसला. "बैठका झाल्या, भांडणं झाली, बादशहानं दबावही आणला. मी नाही म्हणत नाही. पण त्या विद्वानाचं म्हणणं जीव आधीपासून असतो एवढंच होतं. तो परत परत जन्मतो असं त्यानंही मानल्याचं दिसत नाही. आणि शास्त्राच्या जुन्या प्रती त्या बैठकीच्याही आधीच्या सापडल्यात. त्यांतही पुनर्जन्म नाही. कापलं नाही हो. नव्हतंच."

"असं दर नकलनवीस म्हनतो," मुन्शीजी म्हणाले आणि उठले.

परतताना मी म्हटलं, पाद्रीसाहेबांचं मला खरं वाटतं. मुन्शीजी म्हणाले, "मला पन वाटतं. म्हनून तर डाव वाटतो."

खरा घोटाळा पुढंच झाला. बाई मुलांचे कान बघतात ही गोष्ट मंडळीत गेली. पंचांचे म्होरके एक निवृत्त गृहस्थ होते, लासूर स्टेशनला आडतीवर मुनीम होते म्हणे. वाईट नव्हते, पण धान्यातला खडा वेचावा तसा ते माणसांतला खडा वेचत. त्यांनी ठराव करून बाईंना प्रभुभोजन बंद केलं. म्हणजे रविवारी सगळ्यांना भाकर आणि द्राक्षरस मिळे तेव्हा बाई मागच्या बाकावर हात मांडीत घेऊन बसून राहत. मुन्शीजी मात्र तेव्हापासून सगळ्यांना भाकर वाटून होईपर्यंत बाहेर चपलांपाशी उभे राहू लागले.

अशात बाईंना दुखणं लागलं आणि डॉक्टरांनी हात टेकले. बाईंचं एकच मागणं होतं. भिंतीपलीकडे पोर आहे, तिच्या अलीकडे मला ठेवा, मध्ये भिंत असली तरी चालेल. बाहेर त्याच्याजवळच ठेवावं तर तिथं जागा उरली नव्हती. शेजारच्या मळेवाल्यानं काटेरी कुंपण घातलं होतं आणि भिंत व कुंपण यांच्यामध्ये एखादा माणूस कसाबसा उभा राहील एवढीच पट्टी होती. आत जागा हवी तर पंचांची अट होती. नवराबायकोनं मंडळीपुढं यावं आणि कबुली वाचावी.

कबुलीचा कागद मुन्शीजींनी कचेरीत आणला. या खेपेला ते खिडकीपाशी गेले नाहीत, सरळ माझ्यापुढं ठेवला. म्होरक्यांनी लिहिलेलं मोजकं होतं. आम्ही कबूल करतो की माणसाला जन्म एकदाच आहे. आम्ही कबूल करतो की आमचं मूल परत येईल ही आशा आम्ही टाकून दिली आहे. आम्ही कबूल करतो की मंडळीची शिस्त आम्हाला मान्य आहे.

"बाई काय म्हणतात?"

"म्हंती, बाकी काय बी म्हना. ती आशेची ओळ माझ्यासमोर म्हनू नगा." त्यांनी कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "ती ओळ म्हनली तर आजच मारतो तिला. नाय म्हनली तर मेल्यावर तिला पोरापासनं तोडतो. सांगा बाबू, काय करू?"

माझ्या घराच्या दाराबाहेर पडलेलं ते झबलं मला आठवत होतं. मी म्हटलं, मी येतो तुमच्याबरोबर.

"याच. बाहेरचा गवाह बरा आसतो," ते म्हणाले.

त्यांची मंडळी लहान होती, एका बंगल्याच्या मोठ्या खोलीत प्रार्थना भरे. बाईंना खुर्चीत बसवून आणलं होतं. खुर्चीत त्या दिसतच नव्हत्या, नुसती शाल दिसत होती. मी शेवटच्या बाकावर बसलो. आजूबाजूचे माझ्याकडे संशयानं बघत होते आणि मी त्यांच्याकडे.

मुन्शीजी उभे राहिले. कागद डोळ्यांजवळ धरला.

"आम्ही कबूल करतो की माणसाला जन्म एकदाच आहे," त्यांनी वाचलं. आवाज कचेरीतलाच होता, सपाट. "आम्ही कबूल करतो की मंडळीची शिस्त आम्हाला मान्य आहे." आणि कागदाची घडी घातली.

वाक्य कसं गुळगुळीत जुळलं होतं. आजूबाजूच्या लोकांना काही कळलं नाही. म्होरके मात्र भुवया आवळून जागेवरून अर्धवट उठले, काहीतरी राहिल्यासारखं वाटून. त्यांनी पाद्रीसाहेबांकडे पाहिलं. कागदाची दुसरी प्रत पाद्रीसाहेबांच्याच हातात होती, आणि त्यांचं बोट तिच्यावर टेकलेलं मला दिसत होतं.

"झालं ना सगळं वाचून?" म्होरक्यांनी विचारलं.

"झालं," पाद्रीसाहेब म्हणाले. "मी ऐकलं." त्यांनी प्रत शास्त्रात ठेवून शास्त्र मिटलं आणि भाकरीचं ताट घेऊन सगळ्यांच्या आधी खुर्चीपाशी गेले. बाईंनी तोंड उघडलं. मी त्यांच्या धर्माचा नाही, पण त्या वेळी मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

बाई भर वैशाखात गेल्या. दफनभूमीत मंडळी जमली होती, गल्लीतले आम्ही होतो, माझी आईसुद्धा आली होती. बाईंनी मागितली होती तिथंच, भिंतीला खेटून, कबर खणली होती. पण तिथं भिंतच नव्हती. माणूस आडवा मावेल एवढं खिंडार पडलेलं होतं आणि त्यातून पलीकडची पट्टी दिसत होती, तिच्यावरचा मातीचा लहानसा उंचवटाही. आतली आणि बाहेरची जमीन एकच झाली होती.

"ही भिंत कशी काय पडली?" म्होरक्यांनी दरडावून विचारलं.

"पावसानं," पाद्रीसाहेब म्हणाले.

ऊन असं होतं की मातीचा चटका चपलेतून लागत होता. सगळ्यांनी मुन्शीजींकडे पाहिलं, कारण आता तेच विचारणार हे लहान पोरालाही कळलं असतं. मुन्शीजी खिंडारापाशी गेले. उरलेल्या दगडाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, तिथं पहारीचे घाव पांढरेशुभ्र दिसत होते. काढलेले दगड एका बाजूला नीट रचून ठेवलेले होते. मग त्यांनी वळून पाद्रीसाहेबांच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही तळव्यांना फडकी बांधलेली होती.

"व्हय," मुन्शीजी म्होरक्यांना म्हणाले. "परवा लई पाऊस झाला."